परक्या हातचा मजकूर आणि ब्राउझरचें वाचन

गेल्या वर्षीं आमच्या संगणकवर्गांतील मुलांनीं निबंध गोळा करण्यासाठीं एक लहानसें पान तयार केलें. विद्यार्थ्यानें आपला निबंध त्या पानावरील चौकटींत लिहावा व बटण दाबावें. शिक्षकानें आपल्या नांवानें आंत येऊन तो वाचावा व पसंत पडल्यास ‘स्वीकृत’ असा शेरा द्यावा, एवढीच त्याची योजना होती. मुलांना निबंधांत मथळे व ठळक अक्षरें हवीं होतीं. म्हणून साध्या मजकुराऐवजीं एचटीएमएलच्या खुणांसह निबंध घेण्याची परवानगी मींच दिली. आठ दिवसांनीं पाहतों तों नववींतील एका मुलाचा निबंध स्वीकृत झालेला! तो शेरा मीं दिला नव्हता. मीं तो निबंध केवळ उघडला होता. निबंध पावसाळ्यावर होता आणि बराही होता. परंतु त्याच्या शेवटच्या ओळींत न दिसणारें एक चित्र होतें, आणि त्या चित्राच्या पोटांतील आज्ञेनें माझ्या नांवावर स्वीकृतीचें बटण दाबलें होतें.

युक्ति आपली असल्याचें मुलानें दुसऱ्याच दिवशीं येऊन सांगितलें. मला राग येण्याऐवजीं लाज वाटली. कारण दार मीं उघडें ठेविलें होतें. तें दार कोणतें व तें कसें लावावें हें समजून घेण्यांत पुढें बरेच दिवस गेले. त्यांतून जें हातीं आलें तें विद्यार्थिवाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम मूळ अडचण पाहूं. एचटीएमएल ही खुणांची भाषा टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत असतांना १९९० च्या सुमारास तयार केली. शब्दाच्या मागेंपुढें कोनी कंसांत एखादी खूण घालावयाची, म्हणजे ब्राउझर तो शब्द ठळक करतो, परिच्छेद पाडतो किंवा त्यास दुव्याचें रूप देतो. ह्या खुणांना टॅग म्हणतात, आणि टॅगाच्या आंत त्यास जोडलेल्या ज्या बारीकसारीक सूचना असतात, जसा दुव्याचा पत्ता, त्यांना आपण गुण म्हणूं. पुढें १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, आणि तेव्हांपासून पानावर नुसता मजकूर न राहतां आज्ञाही राहूं लागल्या. अडचण अशी कीं, मजकूर आणि आज्ञा हीं दोन्ही एकाच शाईनें एकाच कागदावर लिहिलेलीं असतात. टपालानें आलेल्या पत्रांत ‘तिजोरी उघडा’ असें लिहिलें असलें म्हणून तें वाचतांच तिजोरी उघडत नाहीं. ब्राउझर मात्र वाचतां वाचतां करीत जातो. आणि जें करतो तें पान उघडणाऱ्याच्या अधिकारानें करतो. मी शिक्षक म्हणून आंत असलों तर शिक्षकाच्या अधिकारानें. अशा हल्ल्यास ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हें नांव २००० सालीं मिळालें.

येथें एक गोष्ट आधींच सांगून टाकितों. मजकुरांत ठळक अक्षर, मथळा, दुवा यांपैकीं कांहींच नको असेल, तर पुढील सर्व खटाटोपाचें कारण नाहीं. पानावरील घटकांत मजकूर घालण्याचे जावास्क्रिप्टमध्यें दोन प्रसिद्ध मार्ग आहेत. ‘टेक्स्टकंटेंट’ या मार्गानें घातलेला मजकूर ब्राउझर जसाच्या तसा दाखवितो. त्यांत कोनी कंस आला तर कोनी कंसच दिसतो. ‘इनरएचटीएमएल’ या मार्गानें घातलेल्या मजकुरांतील टॅगांना तो टॅग म्हणून वागवितो. नांव, इयत्ता, विषय असल्या चौकटींकरितां पहिला मार्ग पुरेसा आहे, आणि तेथें दुसरा वापरणें ही निव्वळ हयगय होय. आमच्या पानांत सर्वत्र दुसरा होता.

असें असूनही मी निर्धास्त होतों, याचें कारण अर्धवट ज्ञान. ‘इनरएचटीएमएल’नें घातलेला ‘स्क्रिप्ट’ टॅग चालत नाहीं, असा ब्राउझरांचा नियम आहे. तो मला ठाऊक होता व त्यावर मी विसंबलों. पण आज्ञा ठेवण्याची जागा तेवढी एकच नाहीं. चित्राच्या ‘आयएमजी’ टॅगाला ‘ऑनएरर’ नांवाचा गुण देतां येतो. चित्र न सांपडल्यास काय करावें तें त्यांत लिहावयाचें. मुलानें मुळांत नसलेल्याच चित्राचा पत्ता दिला. चित्र सांपडलें नाहीं, आज्ञा चालली.

दोष कळतांच जो तो पहिला उपाय सुचवितो तो शब्द खोडण्याचा. आमच्या वर्गानेंही तोच सुचविला: ‘स्क्रिप्ट’, ‘ऑनएरर’ असले शब्द शोधून काढून टाकावे, झालें! मीं फळ्यावर ‘स्क्रिस्क्रिप्टप्ट’ असें लिहिलें व एका मुलास मधला ‘स्क्रिप्ट’ पुसावयास सांगितलें. त्यानें पुसला, उरलेले दोन तुकडे जवळ येऊन तोच शब्द पुन्हां उभा राहिला. शिवाय ‘ऑनएरर’च्या जातीचे गुण डझनावारी आहेत, आणि नवे निघत असतात. शत्रूंची यादी करणाऱ्याची यादी नेहमीं एका नांवानें अपुरी असते.

ह्या उपायाची सर्वांत मोठी फजिती २००५ सालीं अमेरिकेंत झाली. मायस्पेस हें त्या वेळीं तेथील तरुणांत फार लोकप्रिय असलेलें संकेतस्थळ. प्रत्येकास तेथें स्वतःचें पान असे व तें टॅगांनीं सजवितां येई. सजविण्याची मोकळीक द्यावयाची, पण आज्ञा येऊं द्यावयाच्या नाहींत, म्हणून चालक बहुतेक टॅग अडवीत आणि ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसतांच खोडीत. समी कामकार नांवाच्या १९ वर्षांच्या तरुणानें अडविलेल्या टॅगांच्या वाटेस न जातां मोकळा ठेवलेला ‘डिव्ह’ टॅग घेतला, आणि त्याच्या पार्श्वभूमीच्या चित्राचा पत्ता जेथें लिहावयाचा तेथें आज्ञा लिहिली. निषिद्ध शब्द त्यानें दोन ओळींत तोडला: वरच्या ओळींत ‘जावा’, खालच्या ओळींत ‘स्क्रिप्ट’. चाळणीला तो शब्द दिसला नाहीं. कांहीं ब्राउझरांना मात्र तो सबंध दिसला. अवतरणचिन्ह खोडलें जाई, तर त्यानें तें अक्षराच्या क्रमांकावरून तयार केलें. ‘इनरएचटीएमएल’ हा शब्दही अडविलेला होता. तो त्यानें दोन तुकडे करून लिहिला व आज्ञा चालतेवेळीं जोडला. जो कोणी समीचें पान उघडी, त्याच्या नांवानें समीकडे मैत्रीची विनंती जाई, त्याच्या पानावर समी आपला वीर असल्याची ओळ चिकटे, आणि त्या ओळीबरोबर ती आज्ञाही तेथें उतरे. मग तें पान पाहणाऱ्यास तीच बाधा. ४ ऑक्टोबर रोजीं हा प्रकार सुरू झाला, आणि वीस तासांच्या आंत दहा लाखांहून अधिक लोक त्यांत सांपडले. संकेतस्थळ कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. २००७ सालीं समीनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला व त्यास तीन वर्षांची देखरेख आणि ९० दिवसांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. (हें मीं वर्गांत सांगितलें तेव्हां शिक्षेपेक्षां दहा लाखांचा आंकडाच मुलांच्या मनांत भरला, हें त्यांच्या चेहऱ्यांवरून मला दिसलें.)

चाळणी हरली ती यादी लहान होती म्हणून नव्हे. चाळणी अक्षरें पाहत होती. ब्राउझर वाक्य वाचीत होता. ब्राउझर हा फार क्षमाशील वाचक आहे. टॅग बंद करण्यास आपण विसरलों तर तो स्वतः बंद करतो. अवतरणचिन्ह गाळलें तरी चालवून घेतो. इंग्रजी लहान व मोठीं अक्षरें सारखींच मानतो. अक्षराऐवजीं त्याचा क्रमांक लिहिला तर तेंच अक्षर समजतो. ही क्षमा कोठें व कशी करावी याचे सविस्तर नियम २००४ सालीं स्थापन झालेल्या ‘व्हॉटडब्ल्यूजी’ या मंडळानें बांधले आहेत. ते इतके बारीक आहेत कीं शोधाच्या चारदोन ओळी लिहून त्यांचें अनुकरण करूं म्हणणें व्यर्थ होय. मराठीच्या तासाला आपण वाक्याचें व्याकरण चालवितों: हा कर्ता, हें कर्म, हें विशेषण. संगणकशास्त्रांत ज्यास पार्सिंग म्हणतात तें हेंच. एचटीएमएलचें व्याकरण ज्यास खरोखर येतें त्या ब्राउझरकडूनच तें चालवून घ्यावें. व्याकरण चालविल्यावर तो टॅगांचें एक झाड उभें करतो: निबंधांत परिच्छेद, परिच्छेदांत दुवा, दुव्यांत शब्द. आपण अक्षरांकडे न पाहतां त्या झाडाकडे पाहावें.

पण हें व्याकरण चालवावयाचें कोठें? येथें मी दुसऱ्यांदां फसलों. ‘क्रिएटएलिमेंट’नें एक मोकळा ‘डिव्ह’ घडवावा, पानास न जोडतां त्यांत मजकूर घालावा, निवडावा, आणि मग जोडावा, असा माझा बेत होता. असला ‘डिव्ह’ डोळ्यांना दिसत नसला तरी तो चालू पानाच्याच मालकीचा असतो. त्यांत चित्राचा टॅग येतांच ब्राउझर चित्र आणावयास धांवतो. तो टॅग झाडांतून उपटून टाकला तरी ती धांव थांबत नाहीं, आणि चित्र न सांपडल्यावर ‘ऑनएरर’ची आज्ञा चालते ती चालतेच. ह्यास्तव ‘डॉमपार्सर’ हें साधन घ्यावें. त्याच्या ‘पार्सफ्रॉमस्ट्रिंग’ ह्या क्रियेनें एक अगदीं निराळा, निर्जीव दस्तऐवज मिळतो; त्यांत झाड उभें राहतें, पण चित्रें आणलीं जात नाहींत व आज्ञा चालत नाहींत. ‘टेम्प्लेट’ टॅगाच्या पोटांतही असाच निर्जीव भाग असतो. भुईमुगाच्या शेंगा निवडावयाच्या त्या परातींत. पेरलेल्या वाफ्यांत नव्हे.

आतां निवडणें. निषिद्धांची यादी करूं नये, संमतांची करावी. आमच्या पानास परिच्छेद, ओळ तोडण्याची खूण, ठळक व तिरपें अक्षर, दोन प्रतींचे मथळे, याद्या, अवतरण आणि दुवा एवढे टॅग पुरतात. यादींत नसलेला टॅग भेटला तर तो सोडून त्याच्या आंतील शब्द घ्यावे. मात्र ‘स्क्रिप्ट’ आणि ‘स्टाइल’ हे आंतील मजकुरासह टाकावे, नाहींतर निबंधाच्या मधोमध आज्ञांची अक्षरें उमटतात. गुणांचेंही तसेंच. दुव्याचा पत्ता तेवढा ठेवावा. सजावटीचा ‘स्टाइल’ गुण निरुपद्रवी वाटतो, परंतु त्यानें एखादा मजकूर सबंध पानावर पसरून खरें बटण झांकतां येतें. आणि परक्या ठिकाणचें चित्र येऊं दिलें तर कोणत्या संगणकावरून तें पान उघडलें हें त्या ठिकाणच्या मालकास आपोआप कळतें.

दुव्याचा पत्ता हें स्वतंत्र प्रकरण आहे. पत्त्याच्या आरंभीं ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द व अपूर्णविराम घातला, तर दुव्यावर टिचकी मारतांच पुढील आज्ञा चालते. पत्ता वाचतांना ब्राउझर त्याच्या आरंभींची मोकळी जागा व मधल्या टॅब आणि नव्या ओळी गाळून टाकतो. म्हणून समीची तोडलेल्या शब्दाची युक्ति दुव्यांत आजही लागू पडते. तेव्हां येथेंही अक्षरें न पाहतां पत्ता ‘यूआरएल’ ह्या अंगभूत साधनाकडे द्यावा, त्यानें सांगितलेला प्रकार पाहावा, आणि तो ‘एचटीटीपी’, ‘एचटीटीपीएस’ किंवा ‘मेलटू’ असेल तरच दुवा राखावा.

माझ्या पहिल्या प्रयत्नांतील एक चूक सांगण्यासारखी आहे. झाडाच्या फांद्या मी क्रमानें तपाशीत होतों व वाईट दिसली कीं तोडीत होतों. दोन ‘आयएमजी’ टॅग लागोपाठ लिहिले तर पहिला जाई, दुसरा राही! शाळेच्या रांगेंतील तिसऱ्या मुलास बाहेर काढलें तर चौथा पुढें सरकून तिसरा होतो, आणि तपासणारा मात्र आतां चौथ्या जागीं जाऊन उभा राहतो; मध्यें एकजण न तपासतां सुटतो. झाडांतील मुलांची ही यादी, ‘चाइल्डनोड्स’, अशीच जिवंत असते. शेवटाकडून आरंभाकडे यावें, किंवा तपासणीपूर्वीं तिची नक्कल घ्यावी. त्याहून बरें म्हणजे जुनें झाड छाटीत न बसतां नवें झाड लावावें: संमत टॅग भेटला कीं त्याच नांवाचा कोरा घटक स्वतः घडवावा, संमत गुण तेवढे त्यावर लिहावे, आणि शब्द शब्द म्हणूनच घालावे. मग जें आपण मुद्दाम आणलें नाहीं तें आंत येण्यास वाटच राहत नाहीं.

आणखी एक नवल. ‘फॉर्म’ टॅगाच्या आंत एखादी चौकट ठेवून तिचें नांव ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’ असें दिलें, तर त्या फॉर्मचे गुण विचारणाऱ्यास गुणांची यादी न मिळतां ती चौकटच मिळते. आणि भोळा तपासनीस ‘ह्यास गुण नाहींत’ म्हणून फॉर्मला जसाचा तसा पुढें सोडतो. तोतयांच्या गोष्टी आपण इतिहासांत वाचतों, ही त्यांतलीच.

इतकें झालें तरी एक फट उरते, आणि ती मला सर्वांत उद्बोधक वाटली. जुने मोडी कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं मोडींत शब्द सुटे लिहीत नसत. शब्द कोठें तुटतो तें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें. ‘मारूं नका सोडा’ ह्या अक्षरांत एकजण ‘मारूं नका, सोडा’ वाचील, दुसरा ‘मारूं, नका सोडा’ असें वाचील. एचटीएमएलमध्यें असेंच घडतें. जावास्क्रिप्ट बंद असल्यास दाखवावयाचा मजकूर ‘नोस्क्रिप्ट’ टॅगांत ठेवतात. निर्जीव दस्तऐवजांत जावास्क्रिप्ट बंदच असते, म्हणून ब्राउझर त्या टॅगाच्या आंत नेहमींप्रमाणें टॅग वाचतो. चालू पानांत जावास्क्रिप्ट चालू असते. तेथें तो आंतला सर्व भाग कोरी अक्षरें समजून ओलांडतो व ‘नोस्क्रिप्ट’ बंद करणारी खूण दिसतांच थांबतो, मग ती खूण अवतरणचिन्हांच्या आंत कां असेना. आतां एखाद्यानें ‘नोस्क्रिप्ट’च्या आंत परिच्छेद लिहिला, त्याच्या ‘टायटल’ ह्या गुणांत अवतरणचिन्हांमध्यें बंद करणारी खूण व तिच्यापुढें ‘ऑनएरर’सह चित्राचा टॅग लिहिला. तपासनिसाला तो सारा एका गुणांतील निरुपद्रवी मजकूर दिसतो. चालू पानाला मात्र तें खरेंखुरें चित्र दिसतें. मासातो किनुगावा या जपानी संशोधकानें ह्याच युक्तीनें २०१९ सालीं खुद्द गूगलच्या शोधपानांतील दोष दाखवून दिला.

दोष कशांत होता? निवडलेलें झाड पुन्हां अक्षरांत उतरवून तीं अक्षरें दुसऱ्यांदां वाचविलीं यांत. असें दुसरें वाचन पहिल्याशीं जुळेलच असें नाहीं. मारिओ हायडरिख व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं ह्या विषयावर निबंध प्रसिद्ध करून त्यांतील धोके उघड केले. फॉर्मच्या आंत फॉर्म व्याकरणास मान्य नाहीं. तरी टॅग विचित्र क्रमानें लिहिले तर पहिल्या वाचनांत तसें झाड उभें राहतें, आणि अक्षरांत उतरवून पुन्हां वाचलें कीं आंतला फॉर्म नाहींसा होऊन झाडाचा आकारच बदलतो. म्हणून निवडलेले घटकच उचलून पानास जोडावे. त्यांचीं पुन्हां अक्षरें करूं नयेत.

इतके बारकावे एका शिक्षकानें व वीस मुलांनीं संभाळावे काय? माझें मत, नाहीं. शिकण्यासाठीं आपली तपासणी आपण जरूर लिहावी. परंतु जेथें खरीं माणसें खऱ्या नांवानें येतात तेथें अनेकांनीं तपासलेलें साधन घ्यावें. हायडरिख यांच्या बर्लिन येथील ‘क्युअर५३’ मंडळीनें २०१४ सालीं ‘डॉमप्युरिफाय’ हें साधन सर्वांस मोफत व उघड्या स्वरूपांत दिलें. संमत टॅगांची व गुणांची आपली यादी त्यास देतां येते, आणि अक्षरांऐवजीं घटकच परत मागतां येतात. तेंही अभेद्य नाहीं: २०१९ व २०२० सालीं मिखाऊ बेंटकोव्स्की यांनीं गणिताच्या व रेखाचित्रांच्या टॅगांचा उपयोग करून त्यांतून वाट काढली, आणि त्या वाटा बुजविण्यासाठीं नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. तेव्हां एकदां आणून ठेवलेली जुनी प्रत वर्षानुवर्षें वापरणें बरें नव्हे. अलीकडे ब्राउझरांतच ‘सेटएचटीएमएल’ नांवाची अंगभूत सोय येऊं लागली आहे. ती जुन्या ब्राउझरांत नाहीं.

निवड लिहिणाऱ्याच्या ब्राउझरांत करून भागत नाहीं, हें मुलांना पटण्यास वेळ लागला. आमचें पान न उघडतांही सर्व्हरकडे हवा तो मजकूर पाठवितां येतो. मग आमची निवड वाटेंत भेटतच नाहीं. म्हणून मजकूर आला तसा ठेवावा आणि वाचणाऱ्यास दाखविण्याच्या क्षणीं निवडावा. सर्व्हरवर निवडावयाचा असल्यास तेथें ब्राउझर नसतो. ‘जेएसडॉम’सारखें साधन घेऊन तेथें झाड उभारावें लागतें. ह्यावर आणखी एक कडी घालतां येते: पानाबरोबर ‘कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी’ नांवाची सूचना पाठवून टॅगांच्या गुणांत लिहिलेल्या आज्ञा चालवूं नको, असें ब्राउझरला बजावतां येतें. ही कडी आमच्या पानास असती तर त्या मुलाची युक्ति दारांतच अडली असती. प्रवेशाची कुकी जावास्क्रिप्टपासून लपवून ठेवण्याची सोयही चांगली आहे, पण ती येथें उपयोगी पडली नसती. कारण मुलानें किल्ली चोरलीच नव्हती, माझ्याच हातून दार उघडून घेतलें होतें.

नवें पान तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याचें काम मीं त्याच मुलाकडे दिलें. त्यानें दोन आठवड्यांत अकरा निरनिराळे प्रयत्न केले. पहिल्या आठवड्यांत दोन सफल झाले, दुसऱ्यांत एकही नाहीं. त्यानंतर मीं त्याचा जुना निबंध पुन्हां उघडला. शेवटच्या ओळींतील चित्र नाहींसें झालें होतें. पागोळ्यांचें व चिखलांत रुतलेल्या बैलगाडीचें वर्णन जागच्या जागीं होतें. शुद्धलेखनाच्या तीन चुका निघाल्या. त्या त्याच्याकडून सुधारून घेतल्या, आणि स्वीकृतीचें बटण ह्या वेळीं मीं दाबलें.